लांडगीच्या गळ्यातले तीन सेंटिमीटर

बायडाक्कानं आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या पट्ट्याकडे, मग कुत्र्याकडे.

"चावंल का?" तिनं विचारलं.

"कुत्रा तुमचा आहे आक्का, तुम्हालाच ठाऊक."

"कुत्र्याचं न्हाय इचारत. त्यो कशाला चावतोय, त्याला कटाळा हाय. ह्यो पट्टा चावंल का? करंट-बिरंट?"

"नाही."

"मग घाल. तलाठ्या, बस हिकडं."

तलाठी नावाचा तो कुत्रा बसला नाही, कारण तो आधीच आडवा झाला होता. असलं नाव का, ते मी विचारलं.

"कामाच्या टायमाला कुठं सापडत न्हाय," बायडाक्का म्हणाली, "आन भाकरीच्या टायमाला चुकत न्हाय."

करमाळ्याच्या अलीकडच्या एका माळावर तिच्या दीडशे मेंढ्यांचा तळ पडला होता. दिवाळीच्या आधीचा आठवडा होता. गवत कंबरेएवढं, वाळून सोन्यासारखं झालेलं, आणि माझ्या सलवारीत त्याची कुसळं शिरत होती. मी गुडघ्यावर बसून तलाठ्याच्या गळ्यात पट्टा अडकवला. त्यानं डोळा उघडून माझ्याकडे बघितलं आणि परत मिटला. पट्टा लांडग्यासाठी बनवलेला होता, आणि लांडगा मिळेपर्यंत मला लांडग्याच्या मापाची मान हवी होती.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. भोसरीत एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर 'सुदूर उपकरणे' नावाची कंपनी होती, तिथे कामाला होते. आम्ही सहा जण. खाली गिरणी चालू झाली की टेबलावरची यंत्रं थरथरायची, आणि आमचे मालक केळुस्कर सर म्हणायचे, कंपनाची चाचणी आपोआप होते. सर मालवणकडचे, बासष्टीचे, सगळं आयुष्य रेडिओ उघडण्यात गेलेलं. त्यांना मी मनातल्या मनात 'वाल्व्ह' म्हणायचे, कारण जुन्या रेडिओतल्या वाल्व्हसारखा त्यांना तापायला वेळ लागायचा. मी इंजिनिअरिंगला विद्यापीठात दुसरी आलेली. पहिला आलेला अमेरिकेत गेला होता, त्यामुळे पुणे जिल्ह्यात आपणच पहिल्या, असा माझा समज होता.

आम्ही बनवलेल्या पट्ट्यावर एक डबी होती. डबीत दोन अँटेना. एक उपग्रहांचं ऐकून आपण कुठे आहोत ते ठरवणारी, दुसरी ते मोबाइलच्या टॉवरला मेसेजनं कळवणारी. एक कान आणि एक तोंड, असं धरून चाला. असे दोन पट्टे आम्ही डॉ. नसीम बागवान यांना दिले होते. बागवान मॅडम वीस वर्षं लांडग्यांच्या मागे हिंडत होत्या. त्यांनी पहिला पट्टा एका लांडगीला घातला. पहिल्या तासात दोन मेसेज आले, गावाजवळचे, चोख. नंतर दर सहा तासांनी मेसेज येत राहिला, पण जागेच्या रकान्यात शून्य, शून्य.

आठव्या दिवशी मॅडमचा फोन आला. तो मी घेतला.

"कुलथे, नकाशावर शून्य आणि शून्य कुठे येतं, माहीत आहे का?"

"आफ्रिकेच्या पश्चिमेला, मॅडम. समुद्रात."

"म्हणजे तुमच्या पट्ट्याप्रमाणे माझी लांडगी आठवडाभर अटलांटिक महासागरात पोहतेय. करमाळा तालुक्यातली लांडगी. तिनं आजवर ओढासुद्धा पोहून ओलांडलेला मी बघितला नाही."

सरांनी एक उपपत्ती काढली. "बिळात बसली असेल. बिळात उपग्रह दिसत नाहीत. पिल्लं व्हायची असतील गो तिला."

मला ही उपपत्ती फार आवडली. का आवडली ते पुढे येईलच. मी सरांना म्हटलं, मी स्वतः जाते, दुसरा पट्टा उघड्या माळावर एखाद्या कुत्र्याला घालून दाखवते. कुत्र्याची जागा नीट आली की दोष पट्ट्याचा नाही, लांडगीचा, हे सिद्ध होईल. थोडक्यात, मी लांडगीवर आरोपपत्र दाखल करायला निघाले होते.

मॅडमनी मला त्या सकाळी तळावर आणून सोडलं. त्यांच्याकडे तीन दिवस होते. लांडगे पकडायची परवानगी रविवारपर्यंतच होती. पुढे पिल्लांचा हंगाम, मग वर्षभर काही नाही. सापळे लावलेले होते, पट्टा एकच उरला होता, आणि तो आता तलाठ्याच्या गळ्यात होता.

"संध्याकाळपर्यंत मला सांगा," मॅडम म्हणाल्या, "की हा घालण्याच्या लायकीचा आहे का." त्या जीपमधून उतरल्याच नाहीत. बायडाक्कानं चहाला बोलावलं तरी खाली मान घालून "सापळे बघायचेत" एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. मला तो शिष्टपणा वाटला.

पट्टा मी दर पाच मिनिटांनी मेसेज पाठवेल असा लावून ठेवला होता. मेसेज भोसरीच्या कॉम्प्युटरवर जायचे. तळावर माझ्या फोनला रेंजची एकच काडी, तीही येऊनजाऊन. म्हणून मी पाझर तलावाच्या बांधावर चढले आणि सरांना फोन लावला.

"काय आलं, सर?"

"शून्य, शून्य."

"दुसरा?"

"तोही. कुत्रा बिळात आहे काय?"

मी खाली बघितलं. तलाठी भर उन्हात, माळाच्या मधोमध, चारही पाय ताणून झोपला होता. त्याच्या आणि आकाशाच्या मध्ये एक घारसुद्धा नव्हती.

"नाही सर. उघड्यावर आहे."

"मग लांडगी निर्दोष," सर म्हणाले.

मी खाली आले आणि डबी उघडली. अर्ध्या तासात भानगड सापडली, आणि ती इतकी साधी होती की मला मेंढ्यांचीही लाज वाटली. टॉवर जवळ असला की मोबाइल कुजबुजतो. टॉवर लांब असला की तो सगळ्या ताकदीनं बोंबलतो. भोसरीत आमच्या खिडकीतून टॉवर दिसायचा, त्यामुळे तिथे सगळं झकास चालायचं. इथे टॉवर डोंगरापलीकडे. उपग्रहाची हाक तर पाचोळा पडावा इतकी बारीक. ती ऐकणाऱ्या कानाला लागूनच तोंड बोंबलत होतं. तोंड चालू असताना कान बंद ठेव, असा प्रोग्रॅम मी लिहिला होता. पण रेंज तुटली की मोबाइलचं यंत्र कुणाला न विचारता टॉवरला हाका मारत सुटायचं, आणि इथे ती दर दोन मिनिटांनी तुटत होती. खात्री करायला मी तपासणीचं यंत्र जोडलं आणि डबीतल्या मोबाइलची वायर काढली. चाळीस सेकंदांत नऊ उपग्रह सापडले.

"काय झालं?" बायडाक्कानं विचारलं. ती शेजारी बसून लोकरीची सुतळी वळत होती.

मी सांगितलं, की यातला एक बोलतो आणि एक ऐकतो, आणि बोलणारा ऐकणाऱ्याच्या कानाशी ओरडतोय.

"मग लांब बशिवा की दोघास्नी."

"किती लांब, तेच बघतेय."

माझ्याकडे वीतभर वायर होती. मोबाइल परत जोडून, ऐकणारी अँटेना डबीतून काढून मी तिला जोडली आणि हातात धरून हळूहळू लांब नेली. चार बोटांवर दोन उपग्रह आले. वीतभर लांब नेल्यावर चार. मग तलाठ्यानं कूस बदलली, माझा हात त्याच्या मानेवरून पलीकडे गेला, आणि यंत्रावर एकदम आठ. मोबाइल त्याच्या गळ्याखाली, अँटेना मानेवर, आणि मध्ये कुत्र्याची सगळी मान, मांस आणि रक्त. सगळी बोंब तिथेच जिरत होती. तलाठ्यानं आयुष्यात पहिल्यांदा कामाच्या वेळी हजेरी लावली होती.

आता प्रश्न ती तिथे पक्की करायचा होता. वायर पट्ट्याच्या आतून जायला हवी, नाहीतर लांडगा एका दिवसात तोडणार. बायडाक्कानं पिशवीतून दाभण काढला. पट्ट्याच्या दोन पदरांच्या मधली शिवण तिनं उसवली, मी वायर आत सरकवली, आणि ती परत शिवायला बसली. मी पट्टा ताणून धरला होता. तिचा टाका एकसारखा पडत होता, माझ्या सोल्डरिंगपेक्षा बरा.

"आक्का, कुत्रा एकच आहे तुमच्याकडे? दीडशे मेंढ्यांना?"

"दोन हुते. ह्याचा भाऊ हुता, सर्कल."

मला हसू आलं. तलाठी आणि त्याच्यावरचा सर्कल. "तो कुठे गेला?"

"लांडग्यानं फाडला. मागल्या बुधवारी." तिनं दाभण ओढला. "दोन कोकरं नेली. सर्कल आडवा गेला. त्यो जरा कामाचा हुता."

मी पट्ट्याची कड सरळ केली. ती टाके घालत सांगत राहिली.

"तवा तळ खालच्या घळीत हुता. तिथं आमी कदी बसत न्हाय, लांडग्याची वाट हाय ती. पर मॅडम म्हनल्या, आक्का, लांडगी पाच मैल पल्याड हाय, मशीननं सांगितलंय, बसा खुशाल. घळीत चारा चांगला हुता. बसलो."

मशीननं सांगितलं होतं ते पहिल्या दिवसाचं. त्यानंतर मशीननं फक्त समुद्र सांगितला होता, आणि मॅडमनी शेवटच्या खऱ्या जागेवर भरवसा ठेवला होता.

"ती लांडगीच होती का, पट्टेवाली?"

"तीच. गळ्यात काळं दिसलं मला. नवीन दागिना घातल्यागत." तिनं टाका दातानं तोडला. "तवापस्नं मॅडम माज्याकडं बघत न्हाईत. चा प्यायला या म्हनलं तरी गाडीतनं उतरत न्हाईत. धर नीट, सैल सोडू नगंस."

मी पट्टा घट्ट धरला.

शिवून झाल्यावर अँटेनाभोवती एम-सील लावलं, ते सुकेपर्यंत बसलो, मग पट्टा तलाठ्याला घातला. बॅटरीचं वजन गळ्याखाली, त्यामुळे पट्टा फिरत नव्हता. अँटेना बरोबर मानेवर, आकाशाकडे. त्याला उठवण्यात अर्धी भाकरी गेली. तुकडा दाखवत मी त्याला माळावरून दीड किलोमीटर चालवत नेला, पार घळीपर्यंत, जिथे रेंज जवळपास नव्हतीच. भाकरी संपल्यावर तो माझ्याशी ओळख नसल्यासारखा परत वळला. मी बांधावर चढून सरांना फोन लावला.

"थांब," सर म्हणाले. "आलाय. अठरा पूर्णांक चार. पंच्याहत्तर पूर्णांक दोन." पुढचे आकडेही वाचले. "जमिनीवर आला गो तुझा कुत्रा. काय केलंस?"

"दोन अँटेना लांब केल्या, सर. मानेच्या दोन बाजूंना."

पलीकडे गिरणीचा आवाज येत होता.

"आधी किती ठेवलेलंस?"

"तीन सेंटिमीटर."

"बरं," सर म्हणाले.

आता सांगायलाच हवं. जूनमध्ये मी डबीचं चित्र काढलं तेव्हा सर माझ्या टेबलाशी आले होते. त्यांनी कागदावर आपली चार बोटं आडवी ठेवली आणि म्हणाले, "ह्या दोघांत इतकं तरी राहू दे. जमलं तर एक मानेच्या ह्या अंगाला घाल, एक त्या अंगाला." मी विचारलं, "सर, ही बोटं कुठल्या मानकात येतात?" सगळे हसले. सरही हसले. मला एकच सुबक, परदेशी वाटेल अशी डबी हवी होती. मी सहा सेंटिमीटरच्या डबीत तीन सेंटिमीटरचं अंतर ठेवलं, मानेऐवजी पाच लिटरचा पाण्याचा कॅन घेतला, खिडकीतल्या टॉवरच्या साक्षीनं चाचणी उरकली, आणि ते चित्र इतर बारा कागदांच्या मधे घालून त्यांच्यापुढे सहीला ठेवलं. त्यांनी माझ्यावर विश्वासून न बघता सही केली. मॅडमचा फोन आल्यापासून मला आतून माहीत होतं. म्हणून बिळाची गोष्ट आवडली होती.

"रेवती," सर म्हणाले, "मॅडमना माझं नाव सांग. 'तपासले' म्हणून सही माझी आहे. ह्या वयात माझं काय वाकडं होणार? तुला अजून नोकऱ्या करायच्या आहेत."

मी "बरं सर" म्हटलं. खरंच म्हटलं. बांध उतरेपर्यंत मी ते मान्यही केलं होतं. सही त्यांची होती हे काही खोटं नव्हतं.

मॅडम पाचच्या सुमाराला आल्या. जीपमधूनच विचारलं, "काय?"

"चालतोय. घळीतून जागा आली. पण डबीची रचना बदलावी लागली."

"म्हणजे रचना चुकली होती."

"हो. आमचं चुकलं, मॅडम."

"आमचं म्हणजे कुणाचं?"

बायडाक्का चुलीशी होती. तिनं चहाचं पातेलं उतरवलं आणि ती तशीच उभी राहिली. मॅडम जीपमध्ये, दोन्ही हात स्टिअरिंगवर. बायडाक्का उभी होती त्या बाजूला त्या बघतच नव्हत्या. माझ्या ओठांवर सरांचं नाव आलं होतं.

"माझं," मी म्हणाले. "सरांनी अंतर ठेवायला सांगितलं होतं. मी त्यांची चेष्टा केली आणि ठेवलं नाही. सही न बघता करून घेतली. फोन आला त्या दिवशीच मला शंका आली होती, तरी मी लांडगीवर ढकललं. तुमचं काही चुकलं नाही मॅडम. तुम्हाला जे दिसत होतं, तेच तुम्ही आक्कांना सांगितलंत."

मॅडमनी इंजिन बंद केलं. मग किल्लीवर हात तसाच ठेवला. मला वाटलं, आता त्या मला इथेच सोडून जातील आणि मला करमाळ्यापर्यंत चालत जावं लागेल.

"मॅडम," बायडाक्का म्हणाली, "आता वर बघा. आन चा घ्या, निवतोय."

मॅडम उतरल्या. दगडावर बसून कप हातात घेतला.

बायडाक्का मग माझ्याकडे वळली. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, बहुतेक सर्कलबद्दल. तिनं ते ऐकून घेतलं नाही.

"तू जाऊ नगंस," ती म्हणाली. "उद्या लांडगा घावला तर पट्टा तू घालायचा. चावला तर तुला चावंल."

तो दुसऱ्या दिवशी नाही, रविवारी सकाळी घावला. तरुण नर होता. मॅडमनी भुलीचं इंजेक्शन दिलं, डोळ्यांवर फडकं बांधलं आणि मला पुढे व्हायला सांगितलं. लांडग्याला ओल्या मातीचा आणि जुन्या चामड्याचा वास येतो. माझे हात इतके घामेजले होते की बकल दोनदा सुटलं.

"पट्टा आणि मान यांच्यात दोन बोटं जायला हवीत," मॅडम म्हणाल्या.

मी मुकाट्यानं दोन बोटं घालून बघितली. मानेखाली नाडी चालत होती. वीस मिनिटांनी तो उठला, झोकांड्या खात चार पावलं गेला, मग सरळ झाला आणि गवतात दिसेनासा झाला. अर्ध्या तासानं सरांचा फोन आला. आकडे जमिनीवरचे होते.

सोमवारी मी राजीनामा लिहून भोसरीत गेले. सरांनी तो न वाचता बाजूला ठेवला आणि म्हणाले, "आधी दोन डब्यांचं चित्र काढ." मी काढलं. त्यावर सही करण्याआधी ते चाळीस मिनिटं बघत बसले. पट्टीनं मोजलं, भिंग लावून मोजलं. मी शेजारी उभी. त्यांचा एवढा राग मी आधी कधी बघितला नव्हता.

पहिली लांडगी बॅटरी संपेपर्यंत समुद्रातच राहिली. दुसऱ्याचे मेसेज मात्र चौदा महिने येत होते. त्या हंगामात बायडाक्काचा तळ माळावरच हिंडत होता. तिच्याकडे मोठ्या बटणांचा एक फोन होता. रेंज मिळावी म्हणून ती तो बाभळीला टांगायची. मी रोज संध्याकाळी सहाला तिला फोन करायचे. तसं कुणी सांगितलं नव्हतं, मीच सुरू केलं. ती 'हॅलो' म्हणायची नाही.

"कुठं हाय तुजा?"

"तळ्याच्या वरच्या अंगाला."

"बरं." आणि फोन बंद.

जानेवारीत एकदा तिनंच फोन केला. कोकरू नेलं म्हणाली. मी नकाशा उघडला.

"आक्का, मी काल सांगितलं होतं ना, तो ओढ्याच्या अंगाला आहे म्हणून?"

"सांगितलंस की."

"मग मेंढरं तिकडे कशाला नेलीत?"

"चारा तिथं हाय," ती म्हणाली. "मलाबी ठावं हाय, त्यालाबी ठावं हाय. तुज्या मशीनलाच तेवढं ठावं न्हाय."

आतापर्यंत मी तिला रोज फोन करून काय दिलं होतं, याचा विचार करत होते.

"आता कुठं हाय, ते सांग," ती म्हणाली.

मी शेवटचा मेसेज बघितला. दहा मिनिटांपूर्वीचा होता.

"ओढ्यातच आहे. तुमच्यापासून दोनशे मीटरवर असेल."

"व्हय," बायडाक्का म्हणाली. "दिसतोय मला."